'ध्यासपर्व' : र. धों. कर्वे यांच्या आयुष्यावरील चित्रपट

अमोल पालेकर दिग्दर्शित 'ध्यासपर्व' हा मराठी चित्रपट २००१ मध्ये प्रकाशात आला. भारतात संततिनियमनाचे पहिले केंद्र काढणारे आणि 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सव्वीस वर्षे चिकाटीने चालवणारे रघुनाथ धोंडो कर्वे (१८८२-१९५३) हे या चित्रपटाचे नायक. कवी सौमित्र या नावाने परिचित असलेल्या किशोर कदम यांनी कर्वे यांची भूमिका केली, तर त्यांच्या पत्नी मालतीबाईंची भूमिका 'बँडिट क्वीन'मुळे देशभर पोहोचलेल्या सीमा बिस्वास यांनी केली. २००० या वर्षासाठीच्या ४८व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत या चित्रपटाला कुटुंबकल्याण या विषयावरील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार मिळाला.

पुरस्काराचे हे नाव ध्यानात ठेवण्याजोगे आहे. ज्या माणसाला हयातीत अश्लील ठरवून दोनदा दंड करण्यात आला, त्याच्यावरील चित्रपटाला पुढे सरकारनेच कुटुंबकल्याणाच्या नावाने गौरविले. वरवर पाहता हा उशिरा मिळालेला न्याय वाटतो आणि काही अंशी तो आहेही. मात्र कर्वे यांचे लेखन वाचणाऱ्यास एक शंका पडल्यावाचून राहत नाही. 'कुटुंब' हा त्यांच्या विचाराचा मध्यबिंदू कधी नव्हताच. स्त्रीचे तिच्या शरीरावरील स्वामित्व, तिचा कामसुखाचा हक्क आणि या विषयावर भीती न बाळगता बोलण्याचे स्वातंत्र्य, हा तो मध्यबिंदू होता. जिवंतपणी त्यांना स्वैराचाराचे प्रचारक समजले गेले आणि मृत्यूनंतर लोकसंख्या आवरणाऱ्या सरकारी मोहिमेचे अग्रदूत. यातला दुसरा गैरसमज सन्मानाच्या वेशात आल्यामुळे अधिक टिकाऊ ठरला.

गणिताचा प्राध्यापक

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी कोकणातील मुरूडचा. स्त्रीशिक्षण आणि विधवाविवाह यांसाठी ओळखले जाणारे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ते थोरले पुत्र. आई राधाबाई १८९१ मध्ये बाळंतपणात गेल्या, त्या वेळी रघुनाथ नऊ वर्षांचे होते. पुढे १८९३ मध्ये महर्षींनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला आणि त्यापायी कर्वे कुटुंबाला बहिष्कार सोसावा लागला. समाजाच्या विरोधाची ओळख या मुलाला घरातच झाली होती. पण वडिलांच्या आणि मुलाच्या वाट्याला आलेल्या विरोधात एक महत्त्वाचा फरक पडला. विधवाविवाहाचा कैवार विवाहसंस्थेच्या चौकटीत बसणारा होता, त्यामुळे समाजाला तो कालांतराने पचला. मुलाने त्या चौकटीलाच प्रश्न विचारले. वडिलांना १९५८ मध्ये, शंभराव्या वर्षी, भारतरत्न मिळाले. मुलाचे निधन त्याआधी पाच वर्षे झाले होते.

मॅट्रिकला पहिला क्रमांक, फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी, मग गणिताचे अध्यापन आणि पुढे उच्च गणिताच्या अभ्यासासाठी फ्रान्समधील वास्तव्य, असा रघुनाथरावांचा शैक्षणिक प्रवास होता. ते डॉक्टर नव्हते. त्यांच्याविषयीच्या अनेक गैरसमजांचे मूळ येथे सापडते. वैद्यकीची पदवी नसलेला, आकडेमोड शिकवणारा गृहस्थ बायकांना गर्भधारणा टाळण्याचे उपाय सांगतो, ही गोष्ट सनातनी मंडळींना जितकी खटकली तितकीच वैद्यकीय व्यवसायालाही रुचली नाही. वास्तविक त्या काळात एतद्देशीय वैद्यकीय शिक्षणात हा विषय जवळपास नव्हताच. त्याचे ज्ञान युरोपीय ग्रंथांत होते आणि ते मुळातून वाचून मराठीत आणणारा माणूस गणिताच्या वर्गात होता, एवढाच याचा अर्थ. पुराव्याशिवाय काही मानायचे नाही, ही गणितज्ञाची सवय त्यांनी शरीरशास्त्रालाही लावली आणि नीतीलाही.

१९२१ चे केंद्र

अलेटा जेकब्स या डॉक्टर महिलेने अॅमस्टरडॅममध्ये संततिनियमनाचा सल्ला देणारे केंद्र सुरू केले ते १८८२ मध्ये, म्हणजे रघुनाथरावांच्या जन्माच्याच वर्षी. मार्गारेट सँगर यांनी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात १९१६ मध्ये काढलेले केंद्र पोलिसांनी काही दिवसांतच बंद पाडले. मेरी स्टोप्स यांचे लंडनमधील केंद्र मार्च १९२१ मध्ये उघडले. त्याच १९२१ साली रघुनाथरावांनी मुंबईत आपले केंद्र सुरू केले. काही सुधारणा आपल्याकडे पाश्चात्त्यांनंतर पन्नास वर्षांनी येतात, असा एक सर्वसाधारण समज आहे. या बाबतीत मुंबई लंडनच्या बरोबरीने चालत होती. फरक एवढाच की लंडनच्या केंद्राला नाव मिळाले आणि मुंबईच्या केंद्राला बदनामी.

केंद्राचे काम साधे होते. येणाऱ्या दांपत्याला शरीररचना समजावून सांगणे, गर्भाशयाच्या मुखावर बसवायच्या रबरी टोप्या आणि इतर साधनांची माहिती देणे, गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा हे सांगणे. १९२३ मध्ये त्यांचे 'संततिनियमन' हे पुस्तक निघाले. पण येणाऱ्या स्त्रियांशी परक्या पुरुषाने या विषयावर बोलायचे कसे, हा प्रश्न पुस्तकाने सुटणारा नव्हता. तो मालतीबाईंनी सोडवला. केंद्राच्या कामात त्या पतीच्या बरोबरीने उभ्या राहिल्या. या दांपत्याने अपत्य होऊ न देण्याचा निर्णय विचारपूर्वक घेतला होता आणि त्यासाठीची शस्त्रक्रिया रघुनाथरावांनी स्वतःवर करून घेतली. नसबंदी हा शब्द घरोघरी पोहोचण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

मालतीबाईंच्या भूमिकेला चित्रपटात नायकाच्या तोलाचे स्थान मिळाले ते म्हणूनच योग्य होय. समाजसुधारकांच्या चरित्रांत पत्नी बहुधा कष्टाळू, सोशीक आणि मुकी असते. येथे ती कामातली भागीदार होती. नोकरी गेल्यानंतरच्या ओढगस्तीत घर आणि केंद्र दोन्ही चालले ते तिच्या संमतीने, केवळ तिच्या सहनशीलतेने नव्हे.

नोकरी गेली ती १९२५ मध्ये. रघुनाथराव त्या वेळी मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात गणित शिकवीत होते. ख्रिस्ती मिशनने चालवलेल्या या संस्थेला आपल्या प्राध्यापकाने संततिनियमनाचा जाहीर प्रचार करावा हे मानवले नाही. प्रचार किंवा नोकरी यांतून एकाची निवड करायची वेळ आली, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला. येथे एक विलक्षण योग दिसतो. हिंदू सनातनी आणि ख्रिस्ती मिशनरी एरवी परस्परांना पाण्यात पाहत. कर्वे यांच्या बाबतीत मात्र त्यांचे एकमत होते. पुढे यात राष्ट्रीय चळवळीचीही भर पडली. महात्मा गांधी यांना लोकसंख्येचा प्रश्न मान्य होता, पण उपाय म्हणून त्यांना ब्रह्मचर्यच हवे होते. डिसेंबर १९३५ मध्ये मार्गारेट सँगर वर्ध्याला येऊन त्यांना भेटल्या, तरी कृत्रिम साधनांना असलेला त्यांचा विरोध मावळला नाही. गांधीजींच्या ब्रह्मचर्यविचारावर कर्वे यांनी जी टीका केली, तिच्यामुळे उरलासुरला सुशिक्षित वर्गही त्यांच्यापासून दुरावला असल्यास नवल नाही.

मासिक आणि खटले

'समाजस्वास्थ्य'चा पहिला अंक जुलै १९२७ मध्ये निघाला. मुखपृष्ठावर अनेकदा विवस्त्र स्त्रीचे चित्र असे; शरीरात लाजण्यासारखे काही नाही, ही भूमिका त्यांनी लेखांत मांडली तशी मुखपृष्ठावरही. आत लैंगिक आरोग्य, आहार, गुप्तरोग, धर्मचिकित्सा आणि वाचकांच्या प्रश्नांची उत्तरे असा मजकूर असे. यातली उत्तरे हा मासिकाचा आत्मा होता. ज्या शंका वैद्यालाही विचारता येत नसत, त्या वाचक पत्राने विचारीत आणि संपादक त्यांना आडपडदा न ठेवता उत्तरे देत. भाषा कोरडी, सरळ आणि काही वेळा बोचरी. ज्याला चावट वाचायचे असेल त्याची येथे निराशाच होत असणार.

तरीही १९३१ मध्ये 'व्यभिचाराचा प्रश्न' या लेखावरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि शंभर रुपये दंड झाला. उच्च न्यायालयातील अपिलातही यश आले नाही. त्या काळी अश्लीलता ठरवण्याची कसोटी इंग्लंडमधील १८६८ च्या हिकलिन खटल्यातून आलेली होती. मजकुराचा हेतू काय, तो सत्य आहे की असत्य, याला तीत फारसे स्थान नव्हते. ज्यांचे मन सहज बिघडू शकते अशांच्या हाती तो पडल्यास काय होईल, एवढे पाहिले जाई. या कसोटीपुढे कोणतेही लैंगिक शिक्षण टिकणे अवघड होते. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ही कसोटी बाजूला सारली ती २०१४ मध्ये.

दुसरा खटला १९३४ चा. या वेळी वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरेच आरोपीच्या पिंजऱ्यात होती. हस्तमैथुन आणि समलिंगी आकर्षण यांविषयीचा तो मजकूर होता. कर्वे यांचे वकीलपत्र घेतले बॅरिस्टर भीमराव आंबेडकर यांनी. ज्या मासिकाचा विषयच लैंगिक आरोग्य आहे, त्याने त्या विषयावरील प्रश्नांना उत्तरे द्यायची नाहीत, तर काय करायचे, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. हॅवलॉक एलिस यांच्यासारख्या संशोधकांचा आधारही त्यांनी दिला. न्यायालयास ते पटले नाही. दोनशे रुपये दंड झाला. प्रौढांमधील समलिंगी संबंध आपल्या सर्वोच्च न्यायालयाने गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले ते २०१८ मध्ये. तो युक्तिवाद तेव्हा ८४ वर्षांचा झाला होता.

नाशिककरांना १९३४ या सालाची दुसरीही ओळख आहे. २ मार्च १९३० रोजी सुरू झालेला काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह चार वर्षे चालून थकला होता. मार्च १९३४ मध्ये बाबासाहेबांनी भाऊराव, म्हणजे पुढे कर्मवीर दादासाहेब म्हणून ओळखल्या गेलेल्या गायकवाड यांना पत्र लिहून तो थांबविण्याचा सल्ला दिला. पुढल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये येवल्याची घोषणा झाली. पंचवटीतील मंदिराचे दार आणि मुंबईच्या न्यायालयातील मासिकाचा खटला हे दोन वेगळे लढे वाटतात. देवदर्शनाचा हक्क आणि शरीराविषयीच्या ज्ञानाचा हक्क नाकारणारी सोवळ्याओवळ्याची समजूत मात्र एकच होती. दोन्ही ठिकाणी तात्पुरते अपयश आले. बाबासाहेबांची या प्रश्नातील आस्था वकिलीपुरती नव्हती, हे १९३८ मध्ये दिसले. त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला गेला. तोही फेटाळला गेला.

संतपटाचा साचा

चरित्रपट ही मराठी चित्रपटाची जुनी हौस आहे आणि तिची मुळे नाशिकच्या परिसरातच सापडतात. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१३ मध्ये मुंबईत 'राजा हरिश्चंद्र' दाखवल्यानंतर आपला कारखाना नाशिकला आणला. 'लंकादहन', 'कालियामर्दन' हे मूकपट येथले. सत्त्वपरीक्षा, छळ आणि अखेरीस देवाचे प्रकट होणे, हा हरिश्चंद्राच्या कथेचा आराखडा होता. बोलपटाच्या काळात प्रभातने तो संतांना लावला. १९३६ च्या 'संत तुकाराम'मध्ये इंद्रायणीत बुडवलेली गाथा वर येते आणि शेवटी विमान उतरते. पुढे देवाची जागा इतिहासाने घेतली. आचार्य अत्रे यांच्या १९५४ च्या 'महात्मा फुले'पासून सुधारकांचे जे चरित्रपट आले, त्यांत बहुधा छळ तोच असतो. फक्त विमानाऐवजी काळाचा निकाल येतो. प्रेक्षक त्या निकालाच्या बाजूला बसलेला असतो, त्यामुळे तो समाधानाने घरी जातो.

वैद्यकाच्या क्षेत्रातील चरित्रपटांना हा साचा चांगला मानवला. व्ही. शांताराम यांच्या १९४६ च्या 'डॉ. कोटणीस की अमर कहानी'त हौतात्म्य होते. अनंत महादेवन यांचा २०१६ चा 'डॉ. रखमाबाई' आणि समीर विद्वांस यांचा २०१९ चा 'आनंदी गोपाळ' यांत पहिलेपणाचा मान होता. स्त्रीने डॉक्टर व्हावे की नाही, हा वाद आज संपला आहे. त्यामुळे या दोन चित्रपटांतील विरोधक प्रेक्षकाला आपले वाटत नाहीत. तपन सिन्हा यांचा १९९० चा 'एक डॉक्टर की मौत' मात्र निराळा. भारतातील पहिल्या परीक्षानलिका बालिकेचे श्रेय ज्यांना हयातीत नाकारले गेले आणि ज्यांनी १९८१ मध्ये आत्महत्या केली, त्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या आयुष्याचा आधार त्या कथेला होता. तेथे छळ करणारे धर्ममार्तंड नव्हते, सरकारी समित्या होत्या.

'ध्यासपर्व'ची अडचण याहून मोठी होती. संततिनियमन मान्य झाले, हे खरे. पण नायकाने विचारलेल्या प्रश्नांपैकी बहुतेक अजून मान्य झालेले नाहीत. गर्भधारणेच्या भीतीवर उभी असलेली नीती ही नीतीच नव्हे. दोघांची संमती आहे आणि कोणाला इजा नाही, तर तेथे पाप कोणते. विवाह हा मालकी हक्क कसा, असे त्यांचे प्रश्न होते. हे आजच्या प्रेक्षकापुढे ठेवले, तर विरोधकांच्या रांगेत त्याला स्वतःचाच चेहरा दिसण्याचा संभव असतो. म्हणून या नायकाला विमान मिळू शकत नाही. या विषयावर चित्रपट काढण्याचे धाडस नेमके येथे आहे आणि कुटुंबकल्याणाच्या पुरस्काराने ते काहीसे झाकले गेले, असे म्हणावे लागते.

सरकारी धोरण आणि कर्वे

१९४९ मध्ये मुंबईत धन्वंती रामा राव आणि आवाबाई वाडिया यांच्या पुढाकाराने भारतीय कुटुंबनियोजन संस्था स्थापन झाली. १९५२ मध्ये भारताने कुटुंबनियोजनाचा शासकीय कार्यक्रम हाती घेतला. असे करणारा तो जगातील पहिला देश समजला जातो. त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईत या विषयावरील आंतरराष्ट्रीय परिषद भरली. रघुनाथराव तेव्हा सत्तर वर्षांचे होते आणि मासिक अजून काढीत होते. सहकाऱ्यांपैकी शकुंतला परांजपे यांनी १९३८ पासून हे काम खेडोपाडी नेले, पुढे त्या राज्यसभेच्या नामनिर्देशित सदस्य झाल्या आणि १९९१ मध्ये पद्मभूषणाच्या मानकरी ठरल्या.

सरकारी कार्यक्रमाचा तर्क मात्र संख्येचा होता. माणसे वाढतात, धान्य पुरत नाही, म्हणून जन्म कमी करा. लाल त्रिकोण आणि दोन मुलांचे चित्र यांत स्त्रीची इच्छा हा मुद्दा नव्हता. आणीबाणीत, १९७५ ते १९७७ या काळात, हा तर्क सक्तीच्या नसबंदीपर्यंत गेला. लोकसंख्येचा युक्तिवाद कर्वे यांनीही केला होता, हे लपविण्याचे कारण नाही. पण सक्ती त्यांच्या विचारात बसणारी नव्हती. आणीबाणीनंतर खात्याच्या नावातील 'नियोजन' जाऊन 'कल्याण' आले. 'ध्यासपर्व'ला मिळालेल्या पुरस्काराचे नाव त्याच बदलातून आलेले आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) दिसलेले आकडे या संदर्भात पाहण्यासारखे आहेत. संततिप्रतिबंधासाठी स्त्रीची शस्त्रक्रिया झालेल्या विवाहितांचे देशातील प्रमाण ३७.९ टक्के आढळले. पुरुषाची शस्त्रक्रिया झालेल्यांचे प्रमाण ०.३ टक्के. स्वतः टेबलावर पडणारे कर्वे शंभर वर्षांनंतरही अल्पसंख्याकच आहेत.

रघुनाथरावांचे निधन १४ ऑक्टोबर १९५३ रोजी झाले. मालतीबाई त्यांच्या आधी गेल्या होत्या. 'समाजस्वास्थ्य'चा शेवटचा अंक नोव्हेंबर १९५३ चा. त्यानंतर दीर्घकाळ त्यांचे नाव वडिलांच्या चरित्रातील एका परिच्छेदापुरते उरले, य. दि. फडके यांनी लिहिलेल्या चरित्राने ते पुन्हा वाचकांपुढे आणले आणि 'ध्यासपर्व'ने पडद्यावर. २०१७ मध्ये अजित दळवी यांनी लिहिलेले आणि अतुल पेठे यांनी दिग्दर्शित केलेले 'समाजस्वास्थ्य' हे नाटक रंगभूमीवर आले. त्यात कर्वे यांची भूमिका गिरीश कुलकर्णी यांनी केली. या नाटकाने आपल्या विषयासाठी संततिनियमनाचे केंद्र निवडले नाही. न्यायालयातले ते खटले निवडले.